वय ३१, बारावीला मार्क कमी आणि आता एमबीबीएस करायचंय, तर काय काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. बारावी सायन्सला ५८ टक्के, त्यात पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५४. त्या वेळच्या एंट्रन्सला काही जमलं नाही, मग बीएस्सी केमिस्ट्री केलं तेही सेकंड क्लासमध्ये, आणि गेली सात-आठ वर्षं एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून नोकरी चालू आहे. लग्न झालंय, चार वर्षांची मुलगी आहे. रोज डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन थांबताना आपल्याला आत बसायचं होतं हे डोक्यातून जात नाही, तर आता नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देऊन एमबीबीएसला जाता येईल का, जुने मार्क आड येतील का, आणि या वयात हे करावं का.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. फर्स्ट इयरची मुलं सगळ्यात आधी आमच्या डिपार्टमेंटला येतात, आणि अ‍ॅडमिशनच्या दिवसांत डॉक्युमेंट तपासायच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसलेय, त्यामुळे तिशी ओलांडून आलेले विद्यार्थी दारातून आत येताना पण बघितलेत आणि पुढे इंटर्नशिप संपवून बाहेर पडताना पण. सगळं लिहिते, जरा लांब होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमची काळजी चुकीच्या ठिकाणी लागलीय असं मला वाटतं. आपल्याकडे बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते लागतात. पीसीबीला ओपनसाठी ५० टक्के आणि राखीव गटांसाठी ४० ही वर्षानुवर्षांची रेघ आहे, तुम्ही तिच्या वर आहात, विषय संपला. त्यापुढे मेरिट लिस्ट लागते ती नीटच्या रँकवर. बीएस्सीचा सेकंड क्लास कुणी विचारत नाही, इंटरव्ह्यू नाही, आधी काय केलंत कशासाठी केलंत हे लिहून द्यायचं नाही. म्हणजे जुने मार्क तुमचा पाठलाग करणार नाहीत, पण त्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे की तुमची आठ वर्षांची नोकरी, औषधांची माहिती, डॉक्टरांशी असलेले संबंध याचा अर्धा मार्क सुद्धा मिळणार नाही. अठरा वर्षांच्या पोराशेजारी बसून तोच पेपर, तेवढ्याच वेळात.

वयाचं पण तसंच. १७ पूर्ण पाहिजेत, वरची मर्यादा नाही. मधे काही काळ ओपनला २५ आणि राखीव गटांना ३० अशी अट आली होती, ती कोर्टात गेली, बरीच वर्षं मुलं कोर्टाच्या आदेशावर तात्पुरती परीक्षा देत होती, आणि शेवटी एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत वरची वयोमर्यादा ठेवायची नाही असं ठरवलं, त्याचं पत्र मार्च २०२२ मध्ये निघालं. किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. ओडिशातले एक निवृत्त बँक कर्मचारी २०२० ची नीट पास होऊन चौसष्टाव्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला दाखल झाले होते, पेपरात सगळीकडे आलं होतं. पण ते निवृत्त होते, त्यांच्यावर चार वर्षांच्या मुलीच्या शाळेची फी नव्हती. त्या बातमीतून एवढंच घ्या की दार उघडं आहे.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे बारावीला मार्क कमी का पडले ते कारण अजून तसंच असेल तर, आणि दुसरं म्हणजे डॉक्टर होऊन बाहेर पडताना तुमचं वय आणि घरची आर्थिक स्थिती काय असेल. आत जातानाच्या वयापेक्षा बाहेर पडतानाचं वय जास्त महत्त्वाचं आहे आणि त्यावर फार कमी लोक विचार करून येतात.

पहिलं घेऊ. बारावीची मार्कशीट काढा आणि ५४ टक्के विसरून तिन्ही विषय वेगवेगळे बघा. बहुतेकांचं बायोलॉजी बरं असतं आणि फिजिक्सने घात केलेला असतो. फिजिक्स गेलं असेल तर ते का गेलं? क्लास नव्हता, घरी आजारपण होतं, वर्षभर अभ्यासच केला नाही, अशी कारणं असतील तर ती आज संपलीत. पण दहावीपासून गणिताची भीती होती, म्हणून मनात ठरवूनच टाकलं होतं की हा विषय आपला नाही, तर ते कारण अजून जिवंत आहे आणि एकतिसाव्या वर्षी आपोआप गेलेलं नाही. नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न म्हणजे १८० मार्क आहेत, बायोलॉजीवर सगळं मारून नेऊ म्हणणारे दरवर्षी इथेच राहतात.

आता पास होणं आणि सीट मिळणं यात किती अंतर आहे ते बघा, कारण नातेवाईकांत "नीट क्वालिफाय झाला" म्हणून पेढे वाटले जातात आणि पुढे अ‍ॅडमिशन कुठेच होत नाही. क्वालिफाय व्हायला ओपनला ५० पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्या लोकांच्या वर, राखीव गटांना ४०. २०२५ ला ओपनचा हा कटऑफ ७२० पैकी फक्त १४४ होता. परीक्षेला साधारण २२ लाख बसले, त्यातले १२ लाखांहून जास्त पात्र ठरले, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सगळ्या सीट मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. राज्यातल्या सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के सीट राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के ऑल इंडियातून भरतात. त्यात मार्कांचा आकडा दरवर्षी नाचतो, २०२४ ला आपल्या राज्यात ओपनमधून सरकारी सीटसाठी सहाशेच्या बऱ्याच वर लागत होते, २०२५ ला पेपर अवघड आला आणि तेच पाचशेच्या आसपास उतरलं. त्यामुळे "किती मार्क पाडायचे" असं विचारण्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांच्या सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश तेच करतात) याद्या काढून तुमच्या कॅटेगरीत शेवटची सरकारी सीट कुठल्या रँकला गेली ते बघा. याद्या सगळ्यांसाठी खुल्या असतात, एका संध्याकाळचं काम आहे.

हे बघून झालं की एका रविवारी काहीही अभ्यास न करता मागच्या वर्षीचा पेपर सोडवा. दुपारी २ ते ५, खऱ्या परीक्षेची वेळ तीच आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४, चुकीला वजा १. फोन दुसऱ्या खोलीत, ओएमआरची, म्हणजे उत्तरांचे गोल भरायच्या कागदाची, कोरी प्रिंट काढून गोल सुद्धा भरा कारण त्यात किती वेळ जातो ते विसरलेले असता. मार्क दीडशे येवोत की नव्वद, त्यावर काहीच ठरवू नका. नंतर प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहा: कधी शिकलोच नव्हतो, शिकलो होतो पण विसरलो, की येत होतं पण घाईत चुकलं. हा कागद जपून ठेवा. तीन महिने अभ्यास करून पुन्हा एक जुना पेपर तसाच सोडवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. "विसरलो" वाला ढीग वेगाने कमी होतो, तो सगळ्यांचाच होतो. "शिकलोच नव्हतो" वाला, त्यातही फिजिक्सचा, हलला का हे बघायचं. तो हलला असेल तर तुमचं डोकं आजही नवीन विषय पकडतंय, आणि नसेल हलला तर आणखी तीन महिने शिकायची पद्धत बदलून बघा, पण नोकरी सोडायचा विषय तोपर्यंत काढायचा नाही.

अभ्यासाची पुस्तकं नवीन घ्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण मोठ्या वयाचे विद्यार्थी माळ्यावरची आपली जुनी पुस्तकं आणि नोट्स काढून बसतात, त्यात भावना असते ती मला कळते, पण २०२४ च्या नीटपासून सिलॅबस बदललाय. बायोलॉजीतून डायजेशन अँड अ‍ॅबसॉर्प्शन, ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन असे चॅप्टर गेले, केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर, हायड्रोजन, एस ब्लॉक गेलं, आणि प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचा भाग आलाय. म्हणजे जुन्या पुस्तकातून तुम्ही महिनाभर अशा गोष्टी पाठ कराल ज्या येणारच नाहीत. एनसीईआरटीची चालू आवृत्ती हीच मुख्य, बायोलॉजीला तर ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या ओळी सुद्धा.

तुमच्या नोकरीमुळे एक फसगत होऊ शकते. पॅन्टोप्राझोल पोटातला प्रोटॉन पंप बंद करतं हे तुम्ही झोपेत सांगाल, आणि त्यामुळे बायोलॉजी आपलंच आहे असं वाटत राहील. पण पचनाचा तो चॅप्टरच आता परीक्षेत नाही, आणि बायोलॉजीच्या ९० प्रश्नांत वनस्पतीशास्त्राचा वाटा प्राणीशास्त्राएवढाच भरभक्कम आहे, तिथे विचारतात की केल्विन सायकलमध्ये एक ग्लुकोज बनायला किती एटीपी आणि किती एनएडीपीएच लागतात. १८ आणि १२. हे ज्याला आठवतं त्याला चार मार्क, आणि ज्याला अर्ध्या फार्मसीचे ब्रँड पाठ आहेत पण हे आठवत नाही त्याचा एक गेला. त्यामुळे बॉटनीपासून सुरुवात करा, जिथे तुमचा काहीच आधीचा संबंध नाही. केमिस्ट्रीत मात्र बीएस्सी खरंच उपयोगी पडेल, ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन तुम्हाला कारणासकट कळतात, बारावीची मुलं त्या नुसत्या रटतात. तिथे मार्क उचलायचे.

फिजिक्ससाठी एक माणूस लागेल. व्हिडिओ बघून बायो होतं, केमिस्ट्री होते, पण ज्याचं फिजिक्स मुळात कच्चं राहिलंय त्याला समोर बसून "तू ही पायरी का केलीस" असं विचारणारा कुणीतरी हवा. मोठ्या क्लासच्या रिपीटर बॅचला सकाळी आठ ते दोन बसणं नोकरीत शक्य नाही आणि त्या वेगाने तुम्हाला झेपणार पण नाही, त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा फक्त फिजिक्स शिकवणारा शिक्षक बघा, गावातल्या ज्युनियर कॉलेजचे एखादे सर सुद्धा चालतील. आधी अकरावीचं गणित: व्हेक्टर, ट्रिगोनोमेट्री, लॉग, साधं डिफरन्शिएशन. कॅल्क्युलेटर चालत नाही हे लक्षात असू द्या, हाताने भागाकार करायची सवय गेलेली असते. मग सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स, हे आधी पक्के करा, हे तुलनेने लवकर मार्क देतात. रोटेशनल मोशनला पहिल्याच आठवड्यात भिडून निराश होऊ नका.

पेपर मराठीतूनही देता येतो, १३ भाषांत असतो, पण शंका आली तर इंग्रजी पेपर प्रमाण धरतात आणि पुढे सगळं शिक्षण इंग्रजीतूनच आहे, तेव्हा इंग्रजीच घ्या.

डॉक्युमेंटचं मी जरा सविस्तर लिहिते कारण मोठ्या वयाच्या लोकांच्या सीट इथे जाताना बघितल्यात. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाईल लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. नॅशनॅलिटीचा पुरावा. राखीव गटातून असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, आणि नॉन क्रिमी लेयर त्या वर्षासाठी वैध असलेलं. व्हॅलिडिटीला महिनोन्महिने लागतात, निकाल लागल्यावर अर्ज केला तर काही उपयोग नाही, आज अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला शेवटी जिथे शिकलात तिथला लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत बारावीच्या कॉलेजचा नाही तर बीएस्सीच्या कॉलेजचा, आणि तो बऱ्याच जणांनी कधी काढलेलाच नसतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट, त्यात कुठल्या वर्षी काय केलं ते सलग लिहा, एकही वर्ष रिकामं दिसता कामा नये. मेडिकल फिटनेस नेमून दिलेल्या नमुन्यातच.

आणि नाव. टेबलावर सगळ्यात जास्त रडारड नावावरून होते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बीएस्सीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. मुलींचं लग्नानंतर नाव बदललेलं असतं, जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. नीटचा फॉर्म दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसाच भरा आणि बाकी कागद त्याला जुळवून घ्या, लग्नाचं रजिस्ट्रेशन किंवा गॅझेट जे असेल ते फाईलला लावून ठेवा. रिपोर्टिंगला मोजके दिवस असतात, त्यात तहसील ऑफिसला सुट्टी आली की माणूस हताश होतो, आणि आम्हाला समोर बसून काही करता येत नाही.

इथे हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला बारावीला बायोलॉजीच नसेल, फक्त गणित असेल, तर एनएमसीच्या २२ नोव्हेंबर २०२३ च्या नोटीसनंतर बारावी झाल्यावर अ‍ॅडिशनल विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी देऊन नीटला बसता येतं. आणि पीसीबीची टक्केवारी रेघेच्या खाली असेल तर एनआयओएससारख्या ओपन स्कूलमधून पुन्हा बारावी करणारे आहेत, त्यावरही पूर्वी बंदीचा वाद होता तो आता मिटलाय. फक्त सेंटर महाराष्ट्रातलं घ्या, आणि त्या वर्षीचं सीईटी सेलचं माहितीपत्रक पात्रतेच्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडावर विसंबू नका.

पैशाचं स्पष्ट बोलू. सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास, सवलती वेगळ्या. खासगी कॉलेजची एफआरएने (राज्याच्या फी ठरवणाऱ्या प्राधिकरणाने) ठरवलेली फी सुद्धा सात-आठ लाखांपासून वर जाते, त्यांच्या इन्स्टिट्यूशनल म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची त्याच्या कित्येक पट, आणि डीम्डला, म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजला, वर्षाला वीस लाखांच्या पुढे. साडेसात लाखांच्या वर कर्ज काढलं की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे राहतं घर. एकतिसाव्या वर्षी, पगार बंद होणार असताना, राहतं घर गहाण टाकून खासगी सीट घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. कर्ज फेडायला तुम्हाला तरुण मुलापेक्षा दहा-बारा वर्षं कमी मिळतात, साधा हिशोब आहे. "मॅनेजमेंटची सीट ब्लॉक करून देतो, आधी पाच लाख टाका" असा फोन तुम्हाला नक्की येईल, नोकरी करणारा माणूस म्हणजे पैसे असलेला माणूस असं समजूनच येतो. देशात एकही एमबीबीएसची सीट नीटच्या मेरिटशिवाय आणि काउन्सेलिंगशिवाय भरत नाही, फोन ठेवून द्या.

परदेशाचं पण विचाराल म्हणून. तिकडे जायलाही नीट क्वालिफाय व्हावंच लागतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिने इंग्रजीतून शिक्षण, तिथेच १२ महिने इंटर्नशिप, मग इथे येऊन एफएमजीई ही परदेशातून शिकून आलेल्यांची परीक्षा, ३०० पैकी १५० लागतात, त्यात अनेक वर्षं पास होणाऱ्यांचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहिलंय, आणि पास झाल्यावर इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. घरापासून सहा वर्षं लांब. मुलगी चारची आहे, ती दहाची होईल. मी तुम्हाला हा रस्ता सुचवणार नाही.

आता बाहेर पडतानाच्या वयाचा हिशोब. समजा बत्तिसाव्या वर्षी पहिली नीट दिली, जमलं नाही, तेहेतिसाव्या वर्षी सरकारी सीट लागली. साडेचार वर्षं कोर्स आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेअडतीस. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून झालात तर एक वर्ष बंधपत्रित सेवा, ती न केल्यास १० लाख भरायचे, म्हणजे जवळजवळ चाळीस. त्या वर्षात पगार मिळतो आणि काम शिकायला मिळतं, ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने निर्णय घ्यायला लागतात, ते वर्ष टाळू नका. पण राज्यात कायमस्वरूपी सरकारी नोकरीच्या भरतीला सर्वसाधारणपणे ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी वयाची अट असते, म्हणजे तुम्ही ओपनमधले असाल तर तो पर्याय बहुतेक हातातून गेलेला असेल. प्रत्येक जाहिरातीची अट वेगळी असू शकते, पण त्या नोकरीच्या भरवशावर बेत आखू नका. पीजीला वयाची मर्यादा नाही, पण एमडी म्हणजे आणखी तीन वर्षं, वर त्याची तयारी, म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस. सर्जरीसारख्या ब्रांचला रात्रंदिवस उभं राहण्याची ताकद त्या वयात असते का, हे प्रत्येकाने स्वतःच्या शरीराला विचारावं.

याउलट फॅमिली प्रॅक्टिसला वय अजिबात आड येत नाही, उलट चाळिशीचा डॉक्टर बघितला की पेशंट जास्त विश्वासाने बोलतो. तुम्हाला एमबीबीएस होऊन आपल्या भागात दवाखाना टाकायचा असेल, तर पुढची पंचवीस वर्षं तुमच्या हातात आहेत आणि मी म्हणेन हे करण्यासारखं आहे. पण डोक्यात कार्डिऑलॉजिस्ट व्हायचं असेल तर तेवढी वर्षं उरत नाहीत. म्हणून आधी हे ठरवा की तुम्हाला आत कुठल्या खुर्चीत बसायचंय. ज्या डॉक्टरांकडे तुमचं जाणं-येणं आहे त्यातल्या एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरना विचारून त्यांच्या ओपीडीत दोन-चार संध्याकाळी कोपऱ्यात बसून बघा. सर्दी, खोकला, बीपी, शुगर, सिकनेस सर्टिफिकेट, रात्री अकराला दारावर थाप. हे काम आवडतंय का, एवढंच बघायचं.

कॉलेजात आल्यावर काय होतं ते पण सांगते. पूर्णवेळ कोर्स आहे, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळे सोबत नोकरी अशक्य. फर्स्ट इयर पास व्हायला जास्तीत जास्त चार प्रयत्न, अख्खा कोर्स नऊ वर्षांच्या आत. सोबतची मुलं दादा म्हणतात, आठवड्यात सवय होते, त्याची काळजी करू नका. अवघड जातं ते पाठांतर. फिजिऑलॉजी मोठ्या विद्यार्थ्यांना चांगली जमते, कारण आणि परिणाम जोडायला त्यांना आवडतं, वॉर्डात तर ते फारच पुढे असतात, पेशंटशी बोलायला त्यांना शिकवावं लागत नाही. पण अ‍ॅनाटॉमीत नसांच्या शाखा, त्या कुठून निघतात, कुठल्या स्नायूला जातात, हे अठराव्या वर्षी दोनदा वाचून राहतं आणि तिशीत सहादा वाचूनही निसटतं. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, आधी लॅब टेक्निशियन, तिशी उलटलेली, पहिल्या इंटर्नलला अ‍ॅनाटॉमीत नापास. तिने वाचणं कमी केलं आणि रोज सकाळी डिसेक्शन हॉल उघडायच्या आधी कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, आठवून काढायची, पाच रूट, तीन ट्रंक, मग डिव्हिजन, कॉर्ड, चुकलं की लाल पेनने तेवढंच दुरुस्त. युनिव्हर्सिटीच्या व्हायवाला तिला तेच विचारलं आणि तिने हात न थांबता काढून दाखवलं. मोठ्या वयात अभ्यास असाच होतो, पुस्तक बंद करून हाताने. नीटच्या तयारीलाही आजपासून हीच सवय लावा.

बाकी पर्याय थोडक्यात. बीएएमएस, बीएचएमएसही नीटवरच आहे आणि कोर्स साडेपाच वर्षांचाच, त्यामुळे वेळ वाचत नाही, त्या शास्त्राची खरी ओढ असेल तरच जा, एमबीबीएस हुकलं म्हणून नको. पेशंटच्या जवळ राहायचं एवढंच हवं असेल तर नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. तुमच्या बीएस्सीवर क्लिनिकल रिसर्च, पब्लिक हेल्थ इकडेही जाता येतं आणि पगार लवकर सुरू होतो. पण तुमच्या प्रश्नात हे काहीच नव्हतं, म्हणून मी ओढूनताणून तिकडे नेत नाही.

नोकरी कधी सोडायची? आत्ता नाही. पहिलं वर्ष नोकरीत राहून, पहाटे दोन तास आणि रात्री दीड तास, एमआरला दोन डॉक्टरांच्या वेळांमध्ये जो रिकामा वेळ मिळतो त्यात बायोलॉजीचे प्रश्न. पहिली नीट अशीच द्या. त्यात तुमच्या कॅटेगरीच्या शेवटच्या सरकारी सीटपासून शंभरेक मार्कांच्या आत आलात तर दुसऱ्या वर्षी सहा-आठ महिने सुट्टी घेऊन किंवा नोकरी सोडून पूर्णवेळ बसा, तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढलेला असेल तरच. दोन प्रयत्न, फार तर तीन, आणि हा आकडा आजच बायकोसमोर बसून दोघांनी मिळून ठरवा, कारण पुढची सात वर्षं घर एका पगारावर, बहुतेक त्यांच्याच, चालणार आहे. त्यांची नोकरी नसेल तर आधी ती उभी राहू दे, मग तुमची सोडा. त्या मनापासून हो म्हणत नसतील तर घाई करू नका, अभ्यास सुरू ठेवा आणि तीन महिन्यांनी तो दुसरा पेपर सोडवून झाल्यावर दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवून पुन्हा बोला.

या रविवारचा पेपर झाला की फिजिक्समधले कुठले चॅप्टर "शिकलोच नव्हतो" मध्ये गेले ते लिहून पाठवा, कुठून सुरुवात करायची ते मी त्यावरून सांगते. आणि व्हॅलिडिटी लागणार असेल तर तो अर्ज उद्याच टाका.